उजव्या हाताची मूठ

करंटचा पहिला झटका लागला तेव्हा तुळसाबाईनं उजवा हात पटकन मागं ओढला. निदान तिला तरी तसं वाटलं. प्रत्यक्षात हलला तो नुसता खांदा, आणि खांद्याखाली उरलेला वीतभर दंड, त्यावर पट्ट्यानं बांधलेल्या दोन काळ्या रबरी चकत्यांसकट. कोपर, मनगट आणि पाची बोटं दीड वर्षापूर्वी दवाखान्यात कापून टाकली होती. तरी मागं आला तो सबंध हात होता. त्याचं वजन तिला खांद्यात जाणवलं. रोशनीनं मशीनचं बटण शून्यावर आणलं आणि विचारलं, "दुखलं का मावशी?" तुळसाबाई नाही म्हणाली. "मग हात काहून ओढला?" असं रोशनी सहज बोलून गेली आणि लगेच ओशाळली. पण तुळसाबाईला ती पोरगी तिथंच आवडली. दीड वर्षात त्या जागेला कुणी हात म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणत, स्टंप. जावई रजत बुटीबोरीच्या कारखान्यातून येताना मलमपट्टीचं सामान आणायचा आणि 'त्याच्यावर' लावा म्हणायचा. मुलगी मिनल तर नावच घ्यायची नाही, ब्लाउजची बाही तेवढी दुमडून शिवून द्यायची.

नागपूरच्या जरीपटक्यात, मोबाइलच्या एका दुकानावर दोन खोल्या घेऊन रोशनीनं हे फिजिओथेरपीचं सेंटर काढलं होतं. तीन खाटा, तीन हिरवे पडदे. पलीकडच्या खाटांवर कुणाची कंबर, कुणाची मान. दुखणारी जागा ज्याच्या त्याच्याजवळ होती, बोट ठेवून दाखवता येत होती. तुळसाबाईला दाखवायला जागाच नव्हती. दुखत होता तो नसलेला हात. त्यातही सगळा नाही, मूठ. मूठ घट्ट मिटलेली, नखं तळव्यात रुतलेली, आणि वरून आणखी कुणीतरी ती आवळून धरलेली. पहिल्या महिन्यात तिनं हे सांगितलं तेव्हा शेजारच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मोठ्या डॉक्टरांनी मात्र मान डोलावली आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी वर्षभरात पोट पोखरलं, एका सकाळी ओकारीत रक्त पडलं, तेव्हा गोळ्या बंद झाल्या आणि तिची पाठवणी इथं झाली. रोशनीनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. हात गेला हे मेंदूला अजून समजलंच नाही म्हणून तो दुखणं पाठवत राहतो, अशा वेळी चामडीवरून बारीक करंट दिला की नसा त्यातच गुंततात, दुखण्याचा निरोप वर पोचत नाही, असं काहीसं तिनं समजावलं. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, दहापैकी किती दुखतं? तुळसाबाई म्हणाली, आठ. कसं दुखतं? तुळसाबाई म्हणाली, आवळल्यासारखं. कोण आवळतं ते तिनं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मुंग्या चालल्यासारखं वाटलं की सांगजा. चटका बसला की लगेच सांगजा," म्हणून रोशनीनं बटण पुन्हा हळूहळू फिरवलं, आणि मुंग्या निघाल्या. आधी दंडावर, मग जिथं दंड संपत होता तिथून पुढं, जणू रस्ता अजून शाबूत होता. कोपराच्या खळग्यातून उतरल्या, मनगटाच्या हाडाला वळसा घालून गेल्या, आणि मुठीपाशी येऊन थांबल्या. मूठ त्यांना आत घेईना. तुळसाबाईनं डोळे मिटून घेतले. पंखा वर कुरकुरत होता. मुठीच्या बाहेर मुंग्यांची रांग आणि मुठीच्या आत देवाजी.

देवाजी तिचा नवरा. उमरेडच्या कोष्ट्यांच्या आळीत त्याचा हातमाग होता. घर म्हणजे मागाची खोली आणि तिच्या मागं स्वयंपाक. तो मागावर बसायचा, ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. अडतीस वर्षं तो डाव्या हातानं मागाची फणी ओढत आला आणि ती उजव्या हातानं चरखा फिरवत आली. बोलणं फार नव्हतं. खटखट थांबली की तिला समजायचं, कांडी संपली. ती उठून नवी कांडी पुढं धरायची, तो न बघता घ्यायचा. मग त्याला सुताचा धागा दुहेरी दिसू लागला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि वैशाखातल्या एका सोमवारी ऑपरेशनची तारीख घ्यायला दोघं नागपूरला निघाली. मिनल तिकडंच होती, तिच्याकडे जेवून संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. स्टँडवर आलेली बस भरून गेली. देवाजी म्हणाला, पुढची घेऊ, खिडकी भेटेल. ऊन चढते, असं म्हणून तिनंच त्याला काळी-पिवळी जीपमध्ये बसवलं. अर्धा रस्ता झाला असेल. पुढचं टायर फुटल्याचा आवाज तिला आठवत होता, आणि समोरच्या बाईच्या मांडीवरून उडालेली वांग्यांची पिशवी आठवत होती. त्यानंतर जीप नालीत उलटी पडली होती, आणि तुळसाबाईच्या तोंडात माती होती, आणि तिचा उजवा हात पत्र्याखाली कुठंतरी गेला होता.

देवाजी तिला दिसत नव्हता. मधे पत्रा होता, सीट होती, कुणाचं तरी शरीर होतं. पण पत्र्याखाली गेलेल्या तिच्या हाताला एक हात लागला. तो चाचपत होता. तळव्याच्या मधोमध घट्टा, फणी ओढून ओढून पडलेला. डोळे बांधून शंभर हात दिले असते तरी तिनं तो ओळखला असता. त्या हातानं तिची मूठ धरली आणि पत्र्यापलीकडून आवाज आला, "हायस का वं?" ती म्हणाली, हाय. तिचा आवाज पोचला की नाही कुणास ठाऊक, म्हणून तिनं बोटं दाबली. त्यानं दाबली. पुन्हा तिनं. लोक धावत आले, कुणी ट्रॅक्टर आणायला गेलं, कुणी पत्र्यावर पाणी ओतू लागलं, आणि ही दोघं एकमेकांना दाबून सांगत राहिली, हाय, हाय, हाय. एरवी रस्त्यानं चालताना तो चार पावलं पुढं असायचा. लेकीच्या लग्नात फोटोवाल्यानं जवळ उभं राहा म्हटलं तर दोघांच्या मधे तान्हं मूल मावेल एवढी जागा राहिली होती. आणि आता तो धरून होता, सोडत नव्हता. चाळीस मिनिटं लागली असं नंतर लोक म्हणाले. मधेच केव्हातरी तिचा हात बधिर झाला. दाबलं तर दाबल्याचं कळेना. तो दाबतोय की नाही हेही कळेना. ती मनातून दाबत राहिली. पुढं ट्रॅक्टरची साखळी ताणल्याचा आवाज, आणि नंतरचं काही नाही.

ती शुद्धीवर आली तिसऱ्या दिवशी. तोवर हात गेला होता आणि देवाजीही गेला होता. सगळं मिनलनं केलं, तिला भाऊ नव्हता. तुळसाबाईनं त्याचं तोंड पाहिलं नाही, मडकं पाहिलं नाही, राखही नाही. दवाखान्यातून ती सरळ मिनलच्या घरी आली. मिनल बाजारातल्या मॅचिंग सेंटरमध्ये अस्तराचं आणि ब्लाउजपीसचं कापड मोजून द्यायची, रात्री पाय सुजवून यायची, तरी आईचं सगळं करायची. दोघी तुरीच्या डाळीबद्दल बोलत, नळाबद्दल बोलत, रजतच्या शिफ्टबद्दल बोलत. त्या सोमवारबद्दल मात्र दीड वर्षात एक शब्द नाही. दोन खोल्यांच्या घरात मधोमध भरलेली बादली ठेवावी आणि सगळ्यांनी तिला वळसा घालून वावरावं, तसं चाललं होतं. आणि रोज दिवेलागणीच्या सुमाराला मूठ आवळली जायची. घाम फुटायचा. दात आवळून ती भिंतीला टेकून बसायची, मिनल घाबरून पंखा लावायची, बंद करायची. दुखणं खरं होतं, भयंकर होतं. पण त्याच्या तळाशी देवाजीचा घट्टा लागत होता. ती मनातल्या मनात म्हणायची, हाय. आणि मूठ आणखी आवळली जायची.

सेंटरमध्ये दुसऱ्या दिवशी करंट मुठीपर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी सेंटरमधून घरी येऊन ती दुपारी झोपली ती चहाच्या वेळेला उठली. मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या दिवशी रोशनीनं विचारलं, दहापैकी किती, आणि तुळसाबाईच्या तोंडून पाच असं निघून गेलं. रोशनी खूश झाली. ती पोरगी खूश झाली की भुवया वर करायची आणि वहीत लिहिताना ओठ दुमडायची. पलीकडच्या खाटेवरच्या मानवाल्या मारोतरावांना तिनं पडद्याआडून सांगितलं, काका, बघा, मावशी तुमच्या मागून येऊन पुढं गेल्या. तुळसाबाईही हसली. मनातून तिला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. घरातून निघताना चूल विझवली की नाही आठवू नये, तसं. सवयीनं तिनं मनात म्हटलं, हाय. पलीकडून उत्तर आलं, पण उशिरा, आणि हलकं.

पाचव्या दिवशी करंगळी उघडली. रोशनी दुसऱ्या खाटेपाशी होती. मुंग्या मुठीपाशी पोचल्या, थांबल्या, आणि मग एक मुंगी जणू फटीतून आत शिरली. करंगळी ढिली पडली, तळव्यातून नख निघालं. किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. दीड वर्षानं त्या बोटाला वारा लागला. आणि त्याच क्षणी तिला लख्ख कळलं की करंगळीवर ज्याचं बोट होतं ते बोट आता तिथं नाही. पाठोपाठ दुसरं बोट सैलावू लागलं. तुळसाबाईनं डाव्या हातानं पट्टा ओरबाडला, चकत्या दंडावरून उपटून काढल्या. वायरला हिसका बसून मशीन स्टुलावर आडवी झाली. रोशनी धावत आली, चटका बसला का, विचारू लागली. तुळसाबाई म्हणाली, चक्कर आली. पदरानं दंडावरचं चिकट पुसत ती जिना उतरली आणि उतरता उतरता मनात म्हणत होती, थांब, थांब, मी नाही सोडला, मशीननं सोडवला.

त्यानंतर तीन दिवस ती सेंटरला गेली नाही. मिनल दुकानात गेली की रोजच्यासारखी निघायची, आणि बाजाराच्या टोकाला पाणपोईजवळच्या बाकावर जाऊन बसायची. समोरून गाड्या जात, टोपल्यांतली संत्री विकली जात, बायका साड्यांचे गठ्ठे घेऊन दुकानांच्या पायऱ्या चढत. तासभर बसून ती घरी परतायची. पहिल्याच संध्याकाळी मूठ पहिल्यासारखी मिटली. करंगळी परत जागेवर आली, नख परत रुतलं, दुखणं आठावर गेलं, नवावर गेलं, आणि तुळसाबाईच्या मनात जे उमटलं त्याला आनंद हाच शब्द होता. तिची तिलाच लाज वाटली. मिनल पाठ चोळत बसली होती, रडवेली झाली होती, आणि ही आतून भेटत होती. नवऱ्याला चोरून भेटणारी बाई कुठं असते का? जिवंत होता तोवर तर असं कधी वाटलं नाही. जिवंत होता तेव्हा तो समोर होता, मागावर होता, खोकत होता, जेवणात मीठ कमी म्हणत होता. आस लागावी एवढा लांब तो कधी गेलाच नव्हता. कोष्ट्यांच्या बाईला नवऱ्याची वाट बघायची वेळ येत नाही, त्याचं काम घरातच असतं. वाट बघणं म्हणजे काय ते ती आता, सत्तावन्नाव्या वर्षी शिकत होती, आणि तो यायचा तेव्हा हाडं मोडून यायचा.

चौथ्या दिवशी बाकावर तिच्या शेजारी मिनल येऊन बसली. दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत रोशनीचा फोन आला होता, मावशी बऱ्या आहेत ना म्हणून. मिनल रागावली नव्हती, हेच तुळसाबाईला जड गेलं. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. तिनं एवढंच म्हटलं की गोळ्या बंद आहेत, हेही बंद केलं तर मी काय करू ते तू सांग. तुळसाबाई समोर बघत राहिली. पाणपोईवर एक बाई बाटली भरत होती, पाणी बाटलीत कमी आणि हातावर जास्त जात होतं.

"मिने," ती म्हणाली, "माह्या हातात तुह्या बाबाचा हात हाय."

आणि मग तिनं सांगितलं. पत्रा, घट्टा, दाबणं, बधिर होणं. मोडकं तोडकं, मागचं पुढं, पुढचं मागं. बस सोडून मीच काळी-पिवळीत बसवलं, हेही सांगितलं. मिनल टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मग तुळसाबाईनं ते विचारलं, जे दीड वर्षं तिला विचारता आलं नव्हतं.

"तू पाहिलं त्याले. कसा होता?"

मिनल म्हणाली, चेहऱ्याला काही लागलं नव्हतं, छातीला लागलं होतं. दुपारी जेवून मागाखाली पडायचे तसेच दिसत होते. आंघोळ घालताना बाबांच्या कानात माती होती ती मीच काढली. ती सांगत गेली आणि तुळसाबाई एकेक शब्द गोळा करत गेली. शेवटी तिनं विचारलं, "डावा हात?"

मिनलनं आईकडे पाहिलं. खोटं सांगावं का, हे एक क्षण तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग ती म्हणाली, "उघडा होता आई. बोटं सरळ. तळहात वरती."

दोन दिवस तुळसाबाई देवाजीशी बोलली नाही. उमरेडला भांडण झालं की ती असंच करायची. जेवण वाढायची, पण पुन्हा पोळी हवी का म्हणून विचारायची नाही. आता संध्याकाळी मूठ आवळली जाई तेव्हा ती मनात हाय म्हणत नव्हती. त्यानं सोडला होता. तिला न सांगता, तिचा हात बधिर झाल्याचा फायदा घेऊन, तो बोटं सरळ करून निघून गेला होता, आणि ही येडी दीड वर्षं धरून बसली होती. धरून तरी कुणाला? हे दाबतंय ते कोण? दुखण्यात तिनं पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. नखं तिचीच होती. तळवा तिचाच होता. तो घट्टा, तो होता की नव्हता? जितकं ती चाचपू लागली तितका तो निसटू लागला, आणि दुखणं मात्र तसंच राहिलं. राग आला, मग रागाच्या मागून दुसरं काही आलं. पत्र्याखाली अंधारात, छाती मोडलेली असताना, त्या माणसानं किती वेळ धरून ठेवलं असेल. जमलं तितका वेळ. त्याहून जास्त कसं धरणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून सेंटरचा जिना चढली. रोशनीला तिनं दोन वाक्यांत सांगितलं. जास्त सांगायची ताकद नव्हती आणि गरजही वाटली नाही. रोशनीनं पडदा ओढून घेतला आणि स्टुलावर बसली. ती समजूत घालेल असं तुळसाबाईला वाटलं होतं. रोशनी म्हणाली, "मी दुखणं कमी करू शकते मावशी. दुखण्यासोबत काय जाते अन् काय राहते, ते मले सांगता नाही येत. खोटं काहून बोलू." मग तिनं चकत्या लावल्या, पट्टा बांधला, आणि मशीन उचलून तुळसाबाईच्या डाव्या हाताजवळ ठेवली. आजपासून बटण तुम्ही फिरवायचं, मी नाही, असं सांगून ती पडद्याबाहेर गेली.

बटण बोटभर होतं, कडेला खाचा असलेलं. तुळसाबाईनं त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. मग फिरवलं. मुंग्या निघाल्या. कोपर, मनगट, मूठ. ती थोडं आणखी फिरवायची, थांबायची, आणखी थोडं. कुणी घाई करत नव्हतं. करंगळी सुटली. तिच्याशेजारचं सुटलं. मधल्या बोटाला वेळ लागला, ते मिटलेल्या जागी जणू शिवून टाकलं होतं. मग तर्जनी. अंगठा सगळ्यांत शेवटी, आणि तो सुटताना खांद्यापासून बेंबीपर्यंत काहीतरी सरकन उतरत गेलं. हात उघडा झाला. तळहात वरती. आत कुणी नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. वीस मिनिटांनी मशीन आपोआप थांबली, रोशनी आली, दहापैकी किती म्हणाली. तुळसाबाई म्हणाली, काही नाही. रोशनीनं वहीत शून्य लिहिलं आणि या वेळी तिनं ओठ दुमडले नाहीत.

पुढचे दिवस चांगले होते. सगळे तेच म्हणत. दिवेलागणीला दुखणं कधी यायचं, दहापैकी तीन-चारपर्यंत जायचं, मग आठवड्यात एखाद्या वेळी. पोट सुधारलं. ती डाव्या हातानं मेथी निवडायला शिकली, पोळी लाटण्याचाही नाद धरला, नकाशे लाटले, रजतनं ते मुकाट्यानं खाल्ले. मिनल रात्री लवकर झोपू लागली. आणि तुळसाबाई उघडा हात घेऊन घरभर हिंडत राही. हलका, रिकामा हात. दुखत होता तेव्हा निदान तो कशासाठी तरी होता. संध्याकाळी ती सवयीनं भिंतीला टेकून बसायची आणि कान लावायची. एकदा दुपारी घरात कुणी नसताना तिनं उरलेला दंड डाव्या हातानं गच्च आवळून पाहिला, नखं रुतेपर्यंत. दुखणं आलं. धावतच आलं. पण एकटं आलं. त्याच्या तळाशी कुणी नव्हतं, नुसतं दुखणं होतं. तिनं दंड सोडून दिला आणि लाल झालेल्या जागेवर तळवा फिरवत बसली. आता तर त्याच्याकडे जायचीही वाट नाही उरली, असं तिला वाटलं. त्याचा चेहरा आठवायला गेली तर पत्रा आठवायचा. आवाज आठवायला गेली तर 'हायस का वं' एवढाच आठवायचा. अडतीस वर्षांचा संसार, आणि तिच्याकडे राहिली होती ती चाळीस मिनिटं. जणू तो माणूस त्या जीपखालीच जन्मला आणि तिथंच मेला. त्याआधीचं सगळं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

शेवटच्या सीटिंगला मिनलनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. रोशनीला पेढे द्यायचे होते. फाल्गुन लागला होता, खिडकीतून उन्हाचा पट्टा खाटेच्या पायावर पडला होता. तुळसाबाईनं स्वतःच चकत्या लावून घेतल्या, स्वतः बटण फिरवलं. मुंग्या आपल्या वाटेनं उतरल्या, तळव्यावर पसरल्या. आणि तळव्याच्या मधोमध एकदम गार लागलं. चकत्यांखालच्या जेलीचा गारवा नव्हता तो, जेली दंडावर होती. हे खाली होतं, सुपारीएवढं, टणक, बर्फासारखं. ती घाबरली. बटणाकडे अंगठा गेला, पण तिनं फिरवलं नाही. गार वाढत गेलं, बोटांच्या सांध्यांत शिरलं, आणि मग मनगटावरून कोपराकडं पाण्याचा एक ओघळ चालू लागला. तेव्हा तिला ओळख पटली.

लग्नाचं पहिलं वर्ष. असाच फाल्गुन. भर दुपारी आभाळ काळं झालं आणि कौलांवर दगड मारल्यासारख्या गारा पडू लागल्या. ती चरखा सोडून दारात आली होती. सासू आतून ओरडत होती, वाळवण आणा. देवाजी मागावरून उठला, उघड्या डोक्यानं अंगणात धावला, आणि वाळवणाकडे न बघता वाकून गारा धुंडाळू लागला. पाठीवर तडातड बसत होत्या, तो उड्या मारत होता, हसत होता. तेवीस वर्षांचा, नुकती मिशी राखलेला. सगळ्यांत मोठी गार घेऊन तो आला, तिच्या उजव्या तळव्यावर ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटली आणि वरून आपला पंजा झाकून म्हणाला, पाहू कोण आधी सोडते. गारव्यानं हाडं ठणकत होती. तिला हसू आवरत नव्हतं, सासूचं भय वाटत होतं, पाणी कोपरावरून लुगड्यात गळत होतं. तिनं सोडलं नाही. त्यानंही नाही. शेवटी दोघांनी मिळून मूठ उघडली तेव्हा आत काहीच नव्हतं, ओला लालभडक तळवा तेवढा होता, आणि त्यावर दोघं वाकून बघत होती, जणू काय सापडलं.

हे ती विसरली होती. विसरली होती हेही तिला ठाऊक नव्हतं. आता त्याची मिशी दिसत होती, भिजलेल्या बनियनला चिकटलेला सुताचा तुकडा दिसत होता, आणि त्याच्या पाठीमागं आणखी काय काय उभं असल्यासारखं वाटत होतं, हाक मारली तर येण्यासारखं. तुळसाबाईच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरू लागलं. डावा हात बटणावर होता, तो तिनं हलवला नाही.

पडदा सारून मिनल आत आली. हातात पेढ्यांचा डबा होता. आईचा चेहरा पाहून तिनं डबा स्टुलावर ठेवला आणि खाटेवर बसली.

"दुखून राहिलं का आई?"

"नाही."

"मग काय होऊन राहिलं?"

"थंड लागून राहिलं वं," तुळसाबाई म्हणाली. "तू तवा झाली नव्हती. तुह्या बाबानं अंगणातून गार आणली होती. बस, सांगतो तुले."